संगणकातली गावकीची भांडी

खेड्यात लग्न निघालं की शंभर पानांची पातेली कुणी विकत आणत नाही. गावकीची भांडी असतात: तपेली, पराती, झारे, डाव, आणि प्रत्येकावर कोरलेलं नाव. ज्याच्या दारी मांडव त्याने ती न्यावीत आणि कार्य उरकलं की मोजून परत करावीत. संगणकात हीच रीत पाळणाऱ्या फायलींना शेअर्ड लायब्ररी म्हणतात. अक्षरं काढणं, वेळ सांगणं, फाईल उघडणं, चित्र उलगडणं ही रोजची कामं प्रत्येक प्रोग्रामने स्वतः लिहायची नाहीत. ती एका फायलीत एकदाच लिहून ठेवायची आणि ज्याला लागतील त्याने चालू होताना मागून घ्यायची. विंडोजवर या फायलींना डीएलएल म्हणतात, लिनक्सवर एसओ, मॅकवर डायलिब. एक साधं अॅप उघडतानाही पडद्यामागे अशा कितीतरी फायली गोळा होतात, आणि ते इतक्या चटकन होतं की आपल्याला कळतही नाही. त्या न कळणाऱ्या क्षणातल्या या गमती.

लायब्ररी होती पोलादी कपाटात

‘लायब्ररी’ हा शब्द इथे उगाच आलेला नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या ईडसॅक संगणकावर ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्राम चालला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या मंडळींनी वर्गमूळ काढणं, आकडे छापणं अशी वारंवार लागणारी कामं छिद्रं पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर उतरवली आणि त्या पट्ट्या पोलादी कपाटात लावून ठेवल्या. हवी ती पट्टी कपाटातून काढायची, यंत्रावर तिची नक्कल आपल्या पट्टीत उतरवायची आणि मूळ पट्टी जागेवर ठेवायची. १९५१ पर्यंत असे ८७ उपप्रोग्राम जमले होते.

आजच्या भाषेत हे ‘स्टॅटिक लिंकिंग’. म्हणजे भांडं उसनं न आणता त्याच्यासारखंच दुसरं घडवून घरात ठेवायचं. ‘गो’ या भाषेतले प्रोग्राम आजही बहुतेक वेळा असेच स्वयंपूर्ण बांधले जातात.

खरी उसनवारी आली १९६०च्या दशकात, मल्टिक्स या प्रणालीत. एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांचा हा प्रकल्प. त्यात एखाद्या फंक्शनला प्रोग्रामने पहिल्यांदा हाक मारली की त्या क्षणी त्याचा पत्ता शोधून जोडला जाई. लिनक्सवरची ‘लेझी बाइंडिंग’ची कल्पना नेमकी हीच आहे.

सगळ्या अमिगाचा पत्ता: ४

१९८५ साली आलेल्या कमोडोर अमिगाची युक्ती मला सगळ्यांत देखणी वाटते. या संगणकाच्या स्मृतीत कायमचा ठरलेला पत्ता फक्त एक होता, क्रमांक ४. त्या घरात ‘एक्झेक’ या मूळ लायब्ररीचा पत्ता लिहिलेला असे. बाकी सगळं दर वेळी कुठेही असू शके. एक्झेक सापडली की तिला सांगायचं, अमुक लायब्ररी उघड. ती त्या लायब्ररीचा पत्ता हातात देई.

तो पत्ता लायब्ररीच्या मधोमध बोट ठेवी. त्याच्या पुढे तिची माहिती आणि मागे उड्यांचा तक्ता असे. म्हणून अमिगावर फंक्शनचे क्रमांक उणे असत. लायब्ररी उघडणारं फंक्शन उणे ५५२ वर होतं. एकेका उडीला सहा बाइट लागत, त्यामुळे हे आकडे सहाच्या पाढ्यातले. ५५२ ला ६ ने भागून पाहा, बरोबर ९२. नवी आवृत्ती आली की नवी फंक्शनं तक्त्याच्या शेवटी जोडायची, जुन्या क्रमांकांना हात लावायचा नाही. एवढा एक नियम पाळला की जुने प्रोग्राम नव्या लायब्ररीवरही चालत.

याउलट लिनक्सच्या सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक शेअर्ड लायब्ररीला स्मृतीतली ठरावीक जागा नेमून द्यावी लागे. दोघींची जागा एकमेकींवर येऊ नये म्हणून वाटपाची यादी ठेवावी लागे. नवी लायब्ररी करायची तर आधी यादीत जागा मिळवायची! १९९०च्या दशकाच्या मध्याला लिनक्सने ‘एल्फ’ हा फाईलप्रकार घेतला आणि ही जाचक यादी संपली. आता लायब्ररी कुठेही ठेवा, ती चालते. त्यासाठी बांधतानाच कम्पायलरला, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, सांगावं लागतं की यातला कोड जागेवर अवलंबून ठेवू नकोस. लिनक्सवर लायब्ररी बांधताना ‘शेअर्ड’च्या जोडीला ‘एफ-पिक’ हा पर्याय द्यावा लागतो, तो याचसाठी.

दार उघडं की बंद?

तोच सी भाषेतला कोड तीन प्रणालींवर बांधायला घेतला की स्वभावातला फरक लगेच दिसतो. लिनक्सवर काही न सांगता लायब्ररी बांधली तर तिच्यातलं प्रत्येक फंक्शन जगाला दिसतं. लपवायचं असेल ते वेगळं सांगा. विंडोजच्या कम्पायलरवर नेमकं उलटं: जे बाहेर द्यायचं त्याच्यावर ‘डीएलएल-एक्स्पोर्ट’ची खूण करा, बाकी सगळं दाराआड. लिनक्सवर घडवलेली लायब्ररी विंडोजवर नेणाऱ्याला पहिली ठेच इथेच लागते. फाईल बनते, पण तिच्यात एकही फंक्शन सापडत नाही.

दुसरी ठेच नावांची. लिनक्सवर प्रोग्राम म्हणतो, “मला ‘एनकोड’ नावाचं फंक्शन हवं.” कुणाकडचं ते सांगत नाही. ज्या लायब्ररीत ते आधी सापडेल तिचं वापरलं जातं. विंडोजवर प्रोग्राम फंक्शनचं आणि फायलीचं, दोन्ही नावं घेतो. मॅकही डायलिबचं नाव लक्षात ठेवतो, आणि त्याची आणखी एक खास रीत आहे. लायब्ररीच्या पोटात तिचा स्वतःचा पत्ता कोरलेला असतो. प्रोग्राम बांधताना तुकडे जोडणारा लिंकर तो पत्ता उतरवून घेतो. म्हणजे भांड्यावर नावासोबत घराचा पत्ताही. मग कुणी ती फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की प्रोग्राम जुन्याच दारात उभा राहतो! यावर तोडगा म्हणून ॲपलने ‘आर-पाथ’ नावाची खूण आणली. पत्त्याच्या जागी ती लिहायची आणि खरा रस्ता प्रोग्रामने सांगायचा.

फायलींच्या शेपट्यांचा तर बाजारच भरला आहे. एचपीच्या जुन्या युनिक्सवर शेवटी ‘एसएल’. पायथनचा जोड विंडोजवर ‘पीवायडी’, पण मॅकवर मात्र ‘डायलिब’ नाही, ‘एसओ’च. विंडोजमधले कंट्रोल पॅनेलचे सीपीएल, ओसीएक्स आणि जुने फॉन्टचे एफओएन हेही आतून डीएलएलच्याच जातीचे. आयबीएमच्या एआयएक्सवर शेअर्ड लायब्ररी ‘डॉट ए’ या गाठोड्यात बसते, आणि एकाच गाठोड्यात ३२ बिटांची व ६४ बिटांची अशा दोन्ही नांदतात. इतर युनिक्सवर ‘डॉट ए’ म्हणजे स्टॅटिक लायब्ररी, त्यामुळे एआयएक्सवर नवखा माणूस हमखास चकतो. जावाने हा सगळा गोंधळ ओळखून सोपी वाट काढली. प्रोग्राममध्ये नुसतं ‘फू’ लिहा. लिनक्सवर जावा स्वतः ‘लिबफू डॉट एसओ’ शोधते, विंडोजवर ‘फू डॉट डीएलएल’ आणि मॅकवर ‘लिबफू डॉट डायलिब’.

पहिल्या दोन अक्षरांतला माणूस

विंडोजची कुठलीही डीएलएल उघडून पाहा, पहिली दोन अक्षरं ‘एम झेड’. ही मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याची आद्याक्षरं. डॉसच्या काळात त्याने हा फाईलप्रकार आखला आणि त्याची सही आजही जगभरच्या विंडोज संगणकांवर आहे. एवढंच नाही, बहुतेक डीएलएलच्या पोटात एक चिमुकला डॉस प्रोग्रामही असतो. ‘हा प्रोग्राम डॉसमध्ये चालणार नाही’ एवढं सांगणं हे त्याचं एकमेव काम.

मॅकच्या फायलींची पहिली चार बाइट सोळाच्या पायातल्या अंकांत वाचली तर इंग्रजी शब्द उमटतात. ३२ बिटांच्या फायलीवर ‘फीडफेस’. अनेक प्रोसेसरांसाठीचा कोड एकत्र बांधलेल्या फायलीवर ‘कॅफेबेब’. गंमत अशी की जावाच्या क्लास फायलींची खूणही ‘कॅफेबेब’च आहे. मग फाईल ओळखणाऱ्या आज्ञेने दोघींतला फरक कसा करायचा? पुढचा आकडा पाहून. मॅकच्या फायलीत तिथे प्रोसेसरांची संख्या असते, जावाच्या फायलीत आवृत्ती, आणि जावाच्या आवृत्त्या ४५ पासून सुरू होतात. ४५ निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी एकच फाईल कुणी बांधत नाही, म्हणून निवाडा सोपा.

आणि ६४ बिटांच्या विंडोजवरचा हा उलटा कारभार लक्षात ठेवाच: ६४ बिटांच्या डीएलएल ‘सिस्टम३२’ या फोल्डरमध्ये असतात आणि ३२ बिटांच्या ‘सिसवाव६४’मध्ये. असंख्य जुन्या प्रोग्रामांत ‘सिस्टम३२’ हे नाव पक्कं लिहिलेलं होतं, म्हणून नाव तेच ठेवलं आणि माल बदलला. ‘वाव६४’ म्हणजे ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचे विंडोज प्रोग्राम चालवण्याची सोय.

नाव आहे, फाईल नाही

लिनक्सवर एखादा प्रोग्राम कोणत्या लायब्रऱ्या मागतो ते ‘एलडीडी’ ही आज्ञा दाखवते. त्या यादीत ‘लिनक्स-व्हीडीएसओ’ असं नाव दिसतं. डिस्कभर शोधा, सापडणार नाही. ती कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, स्वतः प्रत्येक प्रोग्रामच्या स्मृतीत ठेवून देतो. ‘किती वाजले’ असला प्रश्न प्रोग्रामला सतत पडतो, आणि दर वेळी कर्नलच्या दारात जायला वेळ लागतो. म्हणून उत्तर मिळण्याची सोय घरातच. एक सावधगिरी मात्र हवी: अनोळखी फायलीवर ‘एलडीडी’ चालवू नका. काही वेळा ही आज्ञा यादी काढण्यासाठी तो प्रोग्रामच सुरू करू शकते, असा इशारा तिच्या माहितीपानातच दिला आहे.

मॅकवर २०२० च्या बिग सर आवृत्तीपासून प्रणालीच्या बहुतेक डायलिब फायली डिस्कवरून नाहीशाच झाल्या. त्या सगळ्या मिळून एक मोठा साठा केला आहे आणि प्रोग्राम त्यातून घेतात. ‘फाईल आहे का’ असं आधी तपासून मग उघडणारे प्रोग्राम त्या वर्षी अडखळले, कारण फाईल नव्हती पण लायब्ररी होती.

आणखी एक करून पाहण्यासारखी गोष्ट. लिनक्सची मुख्य सी लायब्ररी ‘लिबसी डॉट एसओ डॉट ६’ टर्मिनलवर प्रोग्रामसारखी चालवा. ती चालते! आपली आवृत्ती आणि स्वामित्वहक्काची माहिती छापते. शेवटचा ६ मात्र आवृत्तीचा नाही. लिनक्सची स्वतःची वेगळी सी लायब्ररी ५ पर्यंत पोचली होती. १९९७ मध्ये ग्नू प्रकल्पाच्या सी लायब्ररीची दुसरी आवृत्ती आली तेव्हा तिला पुढचा क्रमांक मिळाला, आणि तो आजतागायत बदललेला नाही. अल्पाइन लिनक्समधली ‘मसल’ याहून आटोपशीर: तिथे सी लायब्ररी आणि लायब्रऱ्या जोडणारा लोडर ही एकच फाईल आहे.

विंडोज रीस्टार्ट का मागते?

वापरात असलेल्या डीएलएलवर विंडोज दुसरी फाईल लिहू देत नाही. चुलीवरचं पातेलं बदलता येत नाही, तसंच. म्हणून पुष्कळदा अद्ययावत केल्यावर रीस्टार्ट लागतो. लिनक्सवर नवी फाईल जुन्याच नावाने शेजारी मांडली जाते. जुनी फाईल नावाविना जिवंत राहते आणि तिचा शेवटचा वापर संपला की जाते. सोय मोठी, पण याचा अर्थ असा की सुरक्षेची दुरुस्ती बसवली तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्राम जुन्याच, सदोष लायब्ररीवर चालत राहतो. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी सेवा पुन्हा सुरू केल्याशिवाय दुरुस्ती झाली असं मानू नये.

१६ बिटांच्या विंडोजमध्ये याहून मोठी जोखीम होती. डीएलएलमधला डेटा सगळ्या प्रोग्रामांत सामायिक असे, म्हणजे एकाने मीठ टाकलं की सगळ्यांच्या पानात. पुढे प्रत्येक प्रोग्रामला डेटाची स्वतंत्र प्रत मिळाली, तरी एक दुखणं राहिलंच. नवा प्रोग्राम बसवताना तो सामायिक डीएलएलवर आपली आवृत्ती लिहून टाके आणि भलताच प्रोग्राम बंद पडे. याला लोक ‘डीएलएल हेल’ म्हणत. विंडोज २००० ने प्रणालीच्या फायलींना पहारा दिला आणि एक्सपीने एकाच डीएलएलच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवण्याची सोय केली.

एका फायलीत दोन मेमकॉपी

२०१० मध्ये फेडोरा १४ हे लिनक्स वितरण वापरणाऱ्यांना फ्लॅशच्या व्हिडिओंतला आवाज चिरका ऐकू येऊ लागला. फ्लॅशमध्ये काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं सी लायब्ररीतलं ‘मेमकॉपी’ हे फंक्शन. स्मृतीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे नेणं एवढंच त्याचं काम. नव्या रूपात ते काही प्रोसेसरांवर शेवटाकडून सुरुवातीकडे मजकूर उचलू लागलं, कारण तसं वेगाने होतं. सी भाषेचा नियम सांगतो की दोन जागा एकमेकींवर आलेल्या असतील तर मेमकॉपी वापरू नये. फ्लॅश तो नियम मोडत होतं, आणि जुनी मेमकॉपी सरळ दिशेने जात असल्यामुळे इतकी वर्षं निभावून गेलं होतं.

मग चूक कुणाची? नियमाने पाहिलं तर फ्लॅशची. लिनक्सचा जनक लिनस टोर्वाल्ड्स मात्र ठामपणे म्हणाला की वापरणाऱ्याचं बिघडलं हे महत्त्वाचं. मला त्याचं पटतं. ज्याच्या भरवशावर हजारो प्रोग्राम उभे आहेत त्याने नियमावर बोट ठेवून हात वर करू नयेत. अखेर तोडगा निघाला तो फार सुंदर आहे. सी लायब्ररीच्या २.१४ या आवृत्तीपासून त्या एकाच फायलीत दोन मेमकॉपी आहेत. जुन्या प्रोग्रामांनी हाक मारली की ‘२.२.५’ची खूण असलेली, दिशा सांभाळून काम करणारी मेमकॉपी येते. नव्याने बांधलेल्यांना ‘२.१४’ची वेगवान मिळते. म्हणूनच नव्या लिनक्सवर बांधलेला प्रोग्राम जुन्या लिनक्सवर नेला की ‘ही आवृत्ती सापडली नाही’ असा निरोप येतो. त्यावर जाणत्यांचा उपाय एकच: ज्यांच्यासाठी प्रोग्राम आहे त्यांच्यातल्या सर्वांत जुन्या प्रणालीवर तो बांधायचा.

अर्ध्या सेकंदाचा संशय

उसन्या भांड्यात कुणी विष कालवलं तर? २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामने तेच केलं. सीमेन्सच्या औद्योगिक यंत्रणेची ‘एस७ओटीबीएक्सडीएक्स’ ही डीएलएल त्याने बाजूला सारली आणि तिच्याच नावाने स्वतःची मांडली. अभियंत्याच्या पडद्यावर सगळं ठीक दिसे, आणि यंत्राला भलत्याच सूचना जात.

मार्च २०२४ मधली गोष्ट तर बांधणी आणि जोडणी या दोन्हींना भेदणारी. ‘एक्सझेड’ ही फाईल आकसून ठेवणारी लहानशी लायब्ररी. तिच्या देखभालीत जिया टॅन या नावाने कुणीतरी शिरलं आणि दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास मिळवला. मग चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फायलींत घातक कोड दडवला. लायब्ररी बांधली जात असताना एक स्क्रिप्ट तो बाहेर काढून आत मिसळत असे, त्यामुळे मूळ कोड वाचणाऱ्याला काही दिसत नसे. दूरच्या संगणकात शिरण्याचं दार सांभाळणारा ‘एसएसएच’ ही लायब्ररी थेट वापरतही नव्हता. पण काही लिनक्स वितरणांत त्याला ‘सिस्टमडी’ची लायब्ररी जोडली जात होती, आणि तिच्या पाठोपाठ एक्सझेडची ओढली जात होती. मागोमाग आलेल्या त्या पाहुणीने प्रोग्राम पूर्ण सुरू होण्याआधी, जोडणीच्या क्षणीच, कुलूप बदललं.

हे पकडलं अँड्रेस फ्रॉइंड याने. तो पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा अभियंता, सुरक्षातज्ज्ञ नव्हे. दुसऱ्याच कामात असताना त्याला जाणवलं की लॉगइनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याने ते सोडून दिलं नाही, धागा ओढत गेला आणि २९ मार्चला सगळं जगापुढे ठेवलं. सदोष ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या तेव्हा बहुतेक वितरणांच्या चाचणी शाखांपर्यंतच पोचल्या होत्या. अर्ध्या सेकंदाची चाहूल घेणाऱ्या त्या माणसाचे आपण सगळेच ऋणी आहोत.

म्हणून कळकळीची विनंती. ‘अमुक डीएलएल सापडत नाही’ अशी चौकट आली तर त्या नावाची फाईल कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवून सिस्टम३२ मध्ये टाकू नका. ‘एमएसव्हीसीपी१४०’सारखं नाव असेल तर मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी प्लस प्लसचा अधिकृत संच बसवा. नाहीतर तो प्रोग्रामच पुन्हा बसवा.

तुमच्या फोनमधले १६ केबी

अँड्रॉइड अॅपमधल्या लायब्रऱ्याही एसओ फायलीच आहेत. त्यांच्यावर सध्या एक संक्रमण आलं आहे. स्मृतीचे तुकडे आजवर ४ केबींचे असत, नव्या फोनांत ते १६ केबींचे होत आहेत. तुकडा मोठा तर हिशेब कमी आणि वेग जास्त. पण ४ केबींच्या मापाने आखलेली एसओ फाईल १६ केबींच्या चौकटीत बसत नाही, म्हणून विकासकांना आपल्या लायब्रऱ्या पुन्हा बांधाव्या लागत आहेत. अॅपचा स्वतःचा कोड हाताशी असतो. अडचण येते ती वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणी बांधून दिलेल्या लायब्ररीची.

आचार्य आणि आचारी

शेवटची लायब्ररी आपली. हार्फबझ हे तिचं नाव फारसीतून आलं आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. अक्षरांचे सुटे संकेत घेऊन फॉन्टमधले योग्य आकार योग्य जागी बसवणं हे तिचं काम. अँड्रॉइड, फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस या सगळ्यांत तीच आहे. क्रोम तिला पोटात बांधून घेतो, तर लिनक्सच्या डेस्कटॉपवर अनेक प्रोग्राम ‘लिबहार्फबझ डॉट एसओ डॉट ०’ ही एकच फाईल वाटून घेतात. त्या शून्याचा अर्थ असा की इतक्या वर्षांत तिने जुन्या प्रोग्रामांशी केलेला करार एकदाही मोडलेला नाही. विंडोजवर हे काम पूर्वी ‘यूएसपी१०’ ही डीएलएल करी. एक्सपीवर ती सोय चालू केलेली नसली की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर पडे आणि जोडाक्षरं फुटून दिसत, हे त्या काळी मराठी टंकणाऱ्या अनेकांना आठवत असेल.

‘आचार्यांना’ लिहिलं की र चा रफार होऊन वर चढतो. ‘आचाऱ्यांना’ लिहिलं की तोच र पापणीसारखा बाक घेऊन य ला बिलगतो. पहिले गुरुजी, दुसरे स्वयंपाकी. या लेखात ‘लायब्रऱ्या’ हा शब्द तुम्ही अनेकदा वाचलात. तो तुम्ही अँड्रॉइडवर किंवा फायरफॉक्समध्ये वाचला असेल, तर त्यातला ऱ्य एका लायब्ररीनेच काढून दिला आहे.